हिरवी बाही आणि पिवळं बटण

बुधवार, संध्याकाळी, खाटेवर बसून

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार. (खोली इतकी अरुंद आहे की सगळा साष्टांग आत मावत नाही, पाय दाराबाहेर जातात आणि येणारेजाणारे तुडवतात. तरी मावला तेवढा घातला आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? मामीचं डोकं दुखायचं थांबलं का? मी तिथून निघालो त्यानंतर थांबलं असेल तर मला कळवू नका.

पत्र लिहायला चार महिने लावले याची आधी कबुली देतो. पहिल्या महिन्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्यात होतं, पण ते बरं होतं, आणि माझ्याकडून बरी बातमी आली की तुम्ही धास्तावता, म्हणून राहून गेलं. तिसऱ्यात पेन हरवलं. चौथ्यात, म्हणजे गेल्या बुधवारी, जे काही झालं त्यानंतर पेन सापडलं, कागद सापडला, फक्त मीच कुणाला सापडेनासा झालो. आज मुद्दाम बसलोय.

तर नोकरी. थोरल्या साहेबांकडे तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकलात हे मी विसरलेलो नाही, आणि विसरेन म्हटलं तरी साहेब विसरू देत नाहीत. "तुझा मामा आणि मी एका बाकावर बसायचो. तो म्हणाला, भाच्याच्या पायाला भिंगरी आहे, पण हाताला खोट नाही. म्हणून घेतलं," असं त्यांनी पहिल्याच दिवशी ऐकवलं. (बर्फाच्या कारखान्यातून मला का काढलं ते तुम्ही त्यांना सांगितलेलं दिसत नाही. उपकार आहेत. तिथेही चूक माझी एकट्याची नव्हती, बर्फाची पण होती. पण ते असो.) ही कचेरी म्हणजे सगळ्या शहराच्या जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवण्याची जागा. खाली खिडक्या आणि रांगा, वर दुसऱ्या मजल्यावर यंत्रांची खोली. माणूस जन्मला की यंत्रात जातो आणि मेला की त्याच यंत्रात त्याच्या नावापुढे रेघ पडते. मी दर तासाला आत जाऊन तापमान वहीत लिहायचं आणि कुठे लाल दिवा दिसला तर ओरडायचं. चार महिन्यांत एकदाही ओरडलो नाही. लोक म्हणायचे, पोरगा शांत आहे.

ही खोली पुढून हिवाळा आणि मागून उन्हाळा आहे. कपाटाएवढी यंत्रं ओळीत उभी, पुढून गार हवा खातात आणि मागून गरम हवा सोडतात, जेवून बसलेल्या आमच्या घरमालकासारखी. त्यांच्यावर पाणी टाकून चालत नाही, ओली झाली की मेलीच. म्हणून आग विझवायला गॅस ठेवलाय. शेजारच्या खोलीत माणसाएवढी लाल नळकांडी रांगेत उभी आहेत, आणि छताला धूर हुंगणाऱ्या चकत्या आहेत. एका चकतीला धुराचा वास आला तर घंटा होते. दोन चकत्यांना आला तर भोंगा होतो, आणि तिथून तीस सेकंदांनी सगळा गॅस खोलीत. आगीचा श्वास कोंडतो. आत माणूस असेल तर त्याचाही कोंडायला लागतो, म्हणून बाहेर काचेच्या दाराशेजारी एक पिवळं बटण आहे. ते दाबून धरलं की गॅस थांबतो. नुसतं दाबून चालत नाही, धरूनच ठेवावं लागतं. सोडलं की परत तीस सेकंद मोजायला लागतात. आणि नियम असा की ज्याने बटण धरलं त्याने नंतर नोंदवहीत लिहायचं, की आत कोण होतं. आत कोणी नसताना बटण धरणं हा कचेरीतला सगळ्यात मोठा गुन्हा. खाली कुणाच्या बापाचं नाव चुकवलंत तरी चालतं, पण हे नाही.

या सगळ्याचे राखणदार म्हणजे भोंगेकाका. खरं नाव कुणी घेत नाही. दर सोमवारी दहा वाजता भोंगा वाजवून बघतात म्हणून भोंगेकाका. सत्तावीस वर्षं त्या लाल नळकांड्यांपुढे खुर्ची टाकून बसलेत आणि सत्तावीस वर्षांत एकदाही आग लागलेली नाही. रिकामं बसून करणार काय, म्हणून विणायला शिकले. (हो, लोकर आणि सुया. खालचे कारकून येताजाता विचारतात, "काका, महिना कितवा?" काका मान वर करत नाहीत, टाके मोजत असतात.) सध्या नातीसाठी विटकरी रंगाची टोपी चाललीय. या महिन्याअखेर निवृत्त होणार आहेत. मामीनं मला विणून दिलेला बाटलीहिरवा स्वेटर त्यांनी पहिल्याच दिवशी दोन बोटांत धरून बघितला आणि म्हणाले, "माया आहे, पण वीण सैल आहे." मामीला हे वाचून दाखवू नका.

आता त्या स्वेटरचं सांगतो, म्हणजे सगळं सांगून होईल. माझ्या खोलीच्या भिंतीला बारमाही ओल असते. इथे कपडा वाळत घातला की तिसऱ्या दिवशी जास्त ओला होतो. आणि यंत्रांच्या मागे चोवीस तास गरम, कोरडा, फुकट वारा. मामा, तुम्हीच सांगा, कुणाच्या मनात येणार नाही? आधी रुमाल वाळवला, मग मोजे, मग टॉवेल. काकांनी एकदा टॉवेल बघितला आणि म्हणाले, "यंत्राच्या नाकाला फडकं लावू नकोस." मी नाकापासून लांब लावला. गेल्या मंगळवारी स्वेटरवर शाई सांडली, धुतला, आणि बुधवारी सकाळी तो तिथल्या नळीवर टांगला. बाह्या खाली लोंबत होत्या. लांब बाह्या मामीनं मुद्दाम केलेल्या, मी अजून वाढेन या आशेनं.

जेवणाच्या सुट्टीत मी बाहेर जिन्यात उभा होतो तेव्हा घंटा झाली. सगळे बाहेर पळाले. मी आत पळालो. कारण मला आग दिसत नव्हती, स्वेटर दिसत होता, आणि स्वेटर दिसला की त्यामागोमाग तुमचा शब्द दिसत होता. बघतो तर एका यंत्राच्या मागच्या पंख्यानं डावी बाही खांद्यापर्यंत गिळलेली. आतून धुराची बारीक रेघ. ओढली, येईना. पाय लावून ओढली, येईना. तेवढ्यात दुसऱ्या चकतीला वास आला आणि भोंगा सुरू झाला. दहा सेकंदांत बाहेर पडता आलं असतं मामा. शहाण्या माणसानं स्वेटर सोडला असता. मी चार मिनिटं एका बाहीशी भांडत बसलो. काकांनी काचेतून मला बघितलं आणि बटण धरलं.

थोरले साहेब धावत वर आले ते नेमके तेव्हा. आत धूर इतका की काचेतून काही दिसत नाही, आणि भोंगेकाका बटणाला चिकटलेले. साहेब म्हणाले, सोडा. काका सोडेनात. साहेबांनी त्यांचा हात ओढला तर काकांनी दुसरा हात लावला. आत माणूस आहे एवढं म्हणाले असते तर संपलं होतं. पण म्हणाले असते तर साहेबांनी विचारलं असतं, कोण आणि कशासाठी. शेवटी बाही खांद्यातून उसवली (वीण सैल आहे, हे काकांचं खरंच), मी उरलेला स्वेटर बगलेत मारून मागच्या दारानं खाली आलो, तो कचेरीमागच्या कचराकुंडीत कोंबला, आणि पुढच्या दारानं सगळ्यांत येऊन उभा राहून "काय झालं?" असं विचारलं. मी सगळ्यांत उभा दिसलो तेव्हाच काकांनी हात काढला. तीस सेकंदांनी गॅस सुटला. असा आवाज मी जन्मात ऐकलेला नाही, सगळ्या गावाच्या शिट्ट्या एकाच कुकरला लावाव्यात तसा. आग विझली. पण नंतर आलेल्या इंजिनियरनं सांगितलं, की दोन यंत्रं धुरानं गेली आणि तिसरं त्या आवाजानंच बंद पडलं. आतल्या तबकड्या इतक्या नाजूक, त्या दचकल्या. वाचवणाऱ्याच्या ओरडण्यानंच जीव गेला. (कॅमेऱ्याचं चित्रणही त्याच तिसऱ्यात होतं. देव माझ्या बाजूनं आहे की विरुद्ध, मला अजून ठरवता आलेलं नाही.)

त्यानंतर तीन दिवस या शहरात कुणी जन्मलं नाही आणि कुणी मेलं नाही. म्हणजे होत होतं ते होतच होतं, पण कागद मिळत नव्हता. एक बाई रोज वडिलांच्या मृत्यूचा दाखला न्यायला यायच्या आणि खिडकीशी हळूच विचारायच्या, "आज तरी गेले का हो?" कारकून म्हणायचा, "नाही बाई, अजून आहेत." चौथ्या दिवशी दाखला मिळाला तेव्हा त्या बाकावर बसून रडल्या. आधी रडायला सवड मिळाली नव्हती म्हणाल्या. मी शेजारून तापमानाची वही घेऊन गेलो. थांबलो नाही.

आणि बाही? बाहीचा उंदीर झाला. जळून उरलेला हिरवा गोळा इंजिनियरला पंख्यात सापडला, त्यानं चिमट्यानं बाहेर काढला, काचेच्या बरणीत ठेवला आणि वर चिठ्ठी लावली, "उंदराचे घरटे". बरणी साहेबांच्या टेबलावर आहे. खोलीत पाच पिंजरे लावलेत आणि ते तपासायचं काम (बसलात का? बसा) माझ्याकडे आलंय. दर तासाला लिहितो, तापमान अठरा, उंदीर शून्य. काल साहेब माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मामाचं नाव काढलंस, नोंदी चोख ठेवतोस." मला तिथल्या तिथे पिंजऱ्यात जाऊन बसावंसं वाटलं.

म्हणजे मी सुटलो. सुटले नाहीत ते काका. उंदरासाठी कुणी बटण धरत नाही. चार मिनिटं का धरलं, याला उत्तर नाही, आणि नोंदवहीत त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय, "आत कोणी नव्हते". उद्या अकरा वाजता त्यांची चौकशी आहे. दोषी ठरले तर निरोप नाही, पेन्शन अडकणार, आणि सत्तावीस वर्षांनी लोक म्हणणार, म्हातारा घाबरला, हात गोठला त्याचा. खालचे कारकून आत्ताच म्हणतात, सुया धरून धरून बोटं आखडली. मी काल त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, काका, मी सांगतो सगळं. त्यांनी टाका पुरा केला. मग म्हणाले, "सत्तावीस वर्षांत ते बटण एकदा कामाला आलं. कशासाठी आलं ते मला ठाऊक आहे. दुसऱ्या कुणाला ठाऊक असायची गरज नाही." आणि वर म्हणाले, जा, उंदीर मोज.

बाकी सर्व क्षेम. जेवण वेळेवर होतं. तुमच्या शब्दाला अजून तरी धक्का लागलेला नाही.

तुमचा भाचा

ता. क. आईला यातलं काही सांगू नका. मी जाड झालोय एवढं सांगा.

ता. क. दुसरा. एवढं पत्र लिहिलं ते एका कामासाठी, ते वर लिहायचा धीर झाला नाही. मी पिशवी भरून ठेवली आहे. उद्या सकाळच्या गाडीनं तुमच्याकडे येतोय, अकराच्या आत शहर सोडायचं आहे. (पत्र माझ्या मागून पोचेल हे मला कळतं. पण हे तोंडानं सांगायची छाती नाही, म्हणून ते येईपर्यंत मी नुसता बसून राहीन, मला काही विचारू नका.) थोरल्या साहेबांचा फोन आलाच तर म्हणा, मामीची तब्येत एकाएकी बिघडली, मीच बोलावून घेतला. तुम्ही कधी खोटं बोलत नाही म्हणून ते विश्वास ठेवतील. काका मला जा म्हणाले आहेत. म्हणजे उंदीर मोजायला जा म्हणाले होते, पण जाणं ते जाणंच.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात दार वाजलं. घरमालक असेल म्हणून श्वास धरून बसलो. भोंगेकाका निघाले. ते याआधी कधी इथे आले नव्हते, हजेरीपटातून पत्ता काढला म्हणे. बगलेत वर्तमानपत्राचं पुडकं. त्यांनी माझी भरलेली पिशवी बघितली आणि खाटेवर जागा असून तिच्यावरच बसले. पुडक्यात माझा स्वेटर आहे मामा. कचराकुंडीतून काढून, धुऊन, इस्त्री करून आणलाय, आणि त्याला नवी डावी बाही विणून लावली आहे. विटकरी. नातीच्या टोपीची लोकर. म्हणाले, "आता एक बाही कमी का, असं कुणी विचारणार नाही तुला. घाल, लांबी बघू दे." घातला. लांबी बोटभर सुद्धा चुकलेली नाही, उजवीवरून माप घेतलं असणार. वीण घट्ट आहे.

तेव्हा मामीची तब्येत खोडली असं समजा, ती ठणठणीत आहे असंच सांगा. उद्या अकराला मी हाच घालून साहेबांच्या टेबलापुढे उभा राहतो आणि उजवी बाही त्या बरणीला लावून धरतो. तुमचा शब्द जाईल. नोकरीही जाईल. मग येईन, पण दुपारच्या गाडीनं. काकांना हे सांगितलेलं नाही. ते अजून पिशवीवर बसलेत, उठायचं नाव नाही. दाबून धरलीय.