तीस टोचलेल्या, तीस बिनटोचलेल्या

सन्माननीय व्याही सहादूआबा यांना, मुक्काम कळवण, नाशिकहून मोतीरामचा मनापासून रामराम.

तुमची तब्येत, विहीणबाईंचा गुडघा आणि तांबडी गाय, तिघंही बरी असतील. इकडे तुमच्या जावयाची, योगेशची, कंपनीतली पाळी बदलली, लताच्या (आमच्या मंडळींच्या) साखरेने जरा नमतं घेतलं, आणि तुमची राखी, जी आता आमचीही आहे, मजेत आहे. फोन सोडून पत्र का, असं वाटेल. पण फोनवर राखीचा विषय निघाला की तुम्हाला नेमकी विहिरीवरची मोटार बंद करायला जावं लागतं. पत्र विहिरीवरही नेता येतं.

दिवाळीत तुम्ही चारचौघांत म्हणालात, "आम्ही जलमभर अळ्या मारल्या, अन् ही पोरगी एवढं शिकून अळ्या पाळती." (तेव्हा मीही हसलो होतो, हे इथेच कबूल करतो.) तेव्हापासून तुम्ही बापलेक विहीणबाईंच्या मार्फत बोलता. म्हणून ती विद्यापीठात करते काय, हे मी स्वतः पाहिलेलं तुम्हाला सांगतो, कारण त्यात माझाही वाटा आहे आणि तो लहान नाही.

डासाएवढी एक काळी माशी असते, गांधीलमाशीच्या गोतातली. ती कोबीवरच्या अळीला टोचते आणि तिच्या पोटात अंडी घालते. इथवर तुम्हालाही ठाऊक असेल. पण राखी सांगते की ती अंड्यांबरोबर विष सोडते आणि एक विषाणूही सोडते, आणि त्याने अळीचं रक्तच बदलतं. रक्तातली काही प्रथिनं कमी होतात, काही अशी नवी येतात की निरोगी अळीत ती सापडतच नाहीत. मग अळी त्या अंड्यांना परकं मानत नाही, त्यांच्यासाठी खात राहते, आणि स्वतः कोषात जायचं विसरते. सासरी गेलेल्या मुलीचं असंच होतं, असं लता म्हणाली. राखी हसली. मी हसलो नाही.

तर मार्चमध्ये राखीला आठ दिवस पुण्याला काम निघालं. त्यातच विद्यापीठातलं थंडाव्याचं यंत्र बिघडलं आणि साठ अळ्या आमच्या मागच्या खोलीत मुक्कामाला आल्या. तीस टोचलेल्या, तीस बिनटोचलेल्या, प्रत्येकीला नंबर टाकलेली वेगळी डबी. राखी म्हणाली, "बाबा, रोज पान बदला, वजन करा, लिहून ठेवा. बाकी काही करू नका. त्यातून काही निघायच्या आत मी परत येते."

आबा, मी छत्तीस वर्षं इगतपुरीच्या केबिनमध्ये घाट चढणाऱ्या गाड्यांच्या वेळा लिहिल्या. वही हा माझा प्रांत. ती म्हणाली रोज, मी तासातासाला लिहिलं. (बाकी काही करू नका, हे मात्र मला रेल्वेतही जमलं नव्हतं.) राखीचं पुण्यातलं काम दोन दिवसांनी लांबलं, आणि रविवारी सकाळी साडेसातला सतरा नंबरच्या अळीच्या कुशीतून तांदळाएवढे पांढरे किडे बाहेर यायला लागले. राखीने फोन उचलला नाही. लता म्हणाली, "तिला विचारल्याबगर हात लावू नका." पण समोर जीव तडफडतो आहे आणि आपण वही लिहितो आहोत, हे मला बघवेना. मी चिमट्याने एकेक किडा काढला आणि जखमेला हळद लावली. दुपारपर्यंत अशा अकरा अळ्या वाचवल्या. किडे अंगणात टाकले. चिमण्यांनी त्यांचं सोनं केलं.

मंगळवारी राखी आली. मी छाती काढून तिला अकरा रुग्ण दाखवले. तिने डब्या पाहिल्या आणि विचारलं, "बाबा, यातल्या माश्या कुठायत?" ते किडे म्हणजेच उद्याच्या माश्या होत्या, आणि त्या मोजण्याच्या तयारीलाच तिचे तीन महिने गेले होते. मी चिमण्यांचं सांगितलं. ती तिथेच जमिनीवर बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडली. लग्न होऊन पाच वर्षं झाली आबा, आमच्या घरात ती पहिल्यांदा रडली, आणि ती माझ्यामुळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वही मागितली. दोन तास वाचत बसली. बिनटोचलेल्या तीसही अळ्या कोषात गेल्या होत्या. माझ्या अकरा मात्र किडे निघूनही, कोवळं पान देऊनही, नुसत्या बसून होत्या. खाणं नाही, कोष नाही. "या अजून जिवंत आहेत ना?" म्हणाली आणि डब्या घेऊन विद्यापीठात निघाली. मी न विचारता तिच्या स्कूटरवर मागे बसलो.

तिथे तिने अळीच्या पायाला सुई टोचून रक्ताचा थेंब काढला. पिवळसर हिरवा, मुगाच्या कढणासारखा. तिथल्याच एका निरोगी अळीचा थेंब उघड्यावर काळा पडला, माझ्या अळ्यांचा पिवळाच राहिला. मग ते रक्त जेलमध्ये घालून विजेने पळवतात. (मी हे आमच्या शेजारच्या झुंबरला सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की सून जेलरोडला आत आहे.) जेल म्हणजे खरवसासारखी पातळ वडी. तिच्यावर निळे पट्टे उमटतात. निरोगी अळीत एक जाड पट्टा होता, कोषासाठी साठवलेल्या प्रथिनाचा. मी हात न लावलेल्या टोचलेल्यांत तो फिका, आणि त्याच्याखाली एक नवाच बारीक पट्टा. माझ्या अकरांतही तो तसाच होता. माश्या गेल्या तरी रक्त त्यांचंच राहिलं होतं.

"बाबा," राखी म्हणाली, "हळदीने हे जात नाही." पण हसून म्हणाली.

तिच्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या की हे दुसऱ्या अळ्यांत पूर्वीच दिसलेलं आहे, त्यात नवीन फार नाही. पण वजनाच्या तासातासाच्या नोंदी त्यांनी अशा कधी पाहिल्या नव्हत्या. मोजणी राखीला पुन्हा पहिल्यापासून करावी लागली, ती तिने उन्हाळाभर केली. आणि माझ्या वहीचा तक्ता तिच्या प्रबंधात एकशे बाराव्या पानावर छापला आहे. घाटातल्या एकाही गाडीने मला हा मान दिला नाही.

आता काम सांगतो. दहा किडके कोबी हवे आहेत, बिनफवारणीचे. एस.टी.त टाकून पाठवू नका, अळ्यांना हेलकावे सोसत नाहीत. येत्या सोळा तारखेला सकाळी स्वतः मांडीवर घेऊन या. विहीणबाईंनाही आणा.

तुमचा व्याही,
मोतीराम

ता. क. : अळ्यांना हेलकाव्यांचं काही वाटत नाही. कोबीही नको. सोळा तारखेला राखीची तोंडी परीक्षा आहे, कोणालाही बसता येतं. तुम्हाला बोलवायला तिने मला सांगितलेलं नाही.

ता. क. दुसरा : प्रबंधात आभाराचं पान असतं. माझं नाव चौथ्या ओळीत आहे, थंडाव्याचं यंत्र दुरुस्त करणाऱ्याच्या खाली. पहिली ओळ अशी आहे : "माझे वडील सहादू, ज्यांनी मला कोबीचं पान उलटून बघायला शिकवलं." हे पान मी चोरून वाचलं आहे. ती तुम्हाला दाखवेल तेव्हा पहिल्यांदाच वाचल्यासारखं करा.