मागच्या गेटची किल्ली

थेरगाव,
२१ जानेवारी २०२५

प्रिय बुद्धरत्न,
जय भीम.

देहूला लेकीकडे, दीक्षाकडे आता रुळला असशील. गुडघा कसा आहे? मधे तुझे दोन फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. तब्येतीचं कारण सांगणार होतो, पण तब्येत ठणठणीत आहे.

तुला सोसायटीच्या बातम्या हव्या असतात म्हणून आधी त्या लिहितो. पुढच्या रस्त्याचं काँक्रीट एकदाचं झालं. डांगे चौकातून रिक्षा आता थेट आपल्या दारात येते. सोळाच्या सोळा कॅमेरे चालू आहेत. वर्षभरात एकही गाडी चोरीला गेली नाही. तुझ्या फ्लॅटमध्ये आयटीतलं एक जोडपं राहतं, त्यांचं दार सदा बंद. जाईवहिनींच्या कढीपत्त्याची कुंडी मी खाली बागेत आणून ठेवली आहे.

संक्रांतीचा मेळावा झाला. आसपासच्या सोसायट्यांनी मिळून 'सुरक्षित सोसायटी' म्हणून आपल्याला प्रशस्तिपत्र दिलं. सेक्रेटरी म्हणून मला स्टेजवर बोलावलं. शाल घालताना आमच्या सायलीनं फोटो काढला. त्यात मी कसा दिसतो ते मला बघवलं नाही.

मागचं गेट बंद करायचा ठराव मीच मांडला होता, तुला आठवत असेल. दोन मोटारसायकली गेल्या होत्या, लोक घाबरले होते. विरोधात तू एकटा उभा राहिलास. "मागच्या वस्तीतली माणसं चोर नाहीत, रंगराव. आणि अडीअडचणीला दुसरा रस्ता लागतो," म्हणालास. मी हसण्यावारी नेलं. कंपनीत एका शिफ्टला बावीस वर्षं काढली आपण, तुझं म्हणणं हसण्यावारी न्यायची मला सवयच होती.

कुलपाच्या दोन किल्ल्या होत्या. एक माझ्याकडे, एक वॉचमन खंडूच्या केबिनमध्ये. ठरावात तसंच लिहिलं आहे.

आता जे लिहितोय ते बसून वाच.

फेब्रुवारीतल्या त्या दिवसाच्या दहा-बारा दिवस आधी मी खंडूची किल्ली काढून घेतली होती. त्याची बायको मंजुळाबाई त्याचा डबा घेऊन मागच्या गेटनं यायची, तिच्यामागून वस्तीतली दोन पोरं शाळेला जायची. मला ते खटकलं. खंडू म्हणाला, "साहेब, वॉचमनपाशी एक किल्ली असावी." मी म्हणालो, लागली तर माझ्याकडून ने. कमिटीत हे कुणालाच सांगितलं नाही.

त्या दिवशी चार वाजता हॉलमध्ये कॅमेऱ्यांचं उद्घाटन होतं. लाउडस्पीकर लावलेला. मी भाषण करत होतो, फोन सायलेंट करून खिशात. वहिनी कोसळल्यावर तू केलेले सात कॉल मी नंतर पाहिले. पुढचा रस्ता खोदलेला म्हणून अँब्युलन्स मागून आली आणि गेटबाहेर थांबली. खंडू हॉलच्या दारात येऊन मला हातानं खुणावत होता. बुद्धरत्न, मी त्याला पाहिलं होतं. मला वाटलं, पाण्याच्या टँकरचं काहीतरी असेल. मी त्याला हातानंच थांब म्हटलं.

तो पळत गेला आणि दगडानं कुलूप फोडू लागला. तोवर तुम्ही वहिनींना खुर्चीत बसवून पुढच्या खड्ड्यावरच्या फळीवरून पलीकडे रिक्षापर्यंत नेलं.

वहिनींच्या पुण्यानुमोदनानंतरच्या मीटिंगमध्ये अध्यक्षांनी विचारलं, केबिनमधली किल्ली कुठे होती? खंडूनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "केबिनमध्येच असायला हवी होती. त्यानं हरवली असेल." तो काहीच बोलला नाही. त्याला काढायचा ठराव पाच मिनिटांत झाला. बाहेर पडताना तू त्याला म्हणालास, "माझी बायको तुझ्या हलगर्जीपणानं गेली." मी तुझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होतो.

शाल मिळाल्यानंतर चार दिवसांनी मी भोसरीला गेलो. खंडू एका वर्कशॉपमध्ये पॅकिंगला आहे. जेवणाच्या सुट्टीत बाहेर आला, वाळला आहे. नोकरी परत देतो म्हणालो, तर म्हणाला, "नको साहेब. तेवढं बुद्धरत्न साहेबांना सांगा. माझ्या पोरीच्या लग्नात वहिनींनी हळद लावली होती. ते मला तसला समजून बसलेत, ते सहन होत नाही."

मी विचारलं, मीटिंगमध्ये का नाही बोललास?

"कुणी ऐकलं असतं?" एवढंच म्हणून तो आत गेला.

परवा रविवारी सर्वसाधारण सभेत मी उठून सगळं सांगितलं. मग अध्यक्ष म्हणाले, "काका, झालं ते झालं. आता पोलीस-कोर्ट कशाला ओढवून घ्यायचं?" इतिवृत्तात यातलं काहीही लिहिलं नाही. मी राजीनामा दिला, तो 'प्रकृतीच्या कारणास्तव' मंजूर झाला. पुढचा विषय होळीच्या वर्गणीचा होता. गेट आजही बंदच आहे.

किल्ली वेळेवर मिळाली असती तर वहिनी वाचल्या असत्या का, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मी स्वतःला अकरा महिने हेच समजावत होतो. पण मी खोटं बोललो, ते त्यानंतर. ते ठरवायला डॉक्टर लागत नाही.

हे पत्र दीक्षालाही वाचायला दे. तुला पोलिसात जायचं असेल तर हेच माझं म्हणणं समज, खाली सही करतो आहे. मला माफ कर असं लिहायला घेतलं होतं, खोडलं. तू काय करायचं ते मी सुचवू नये.

फक्त खंडूला भेट. मारुती मंदिरामागे, पत्र्याच्या खोल्यांच्या रांगेत तिसरी खोली, भोसरी. रविवारी तो घरी असतो.

रंगराव