बोळातला खांब

४ फेब्रुवारी, सोमवार

एरंडवण्याचं काम सुरू. प्रभाताई, निवृत्त शिक्षिका, सत्तरी ओलांडलेली. एकट्याच. पुढच्या बंगल्यात धाकटे भाऊ, मागच्या छोट्या घरात या, त्यामागे बाग. बाग म्हणायची एवढंच. फुटक्या फरश्या, राडारोडा, घाणेरीचं रान. आत जायला वाट एकच, भावाच्या बंगल्याला लागून बोळ. लोडर आत नेताना दोन्ही बाजूंना चार-चार बोटं उरली. माझा भाऊ इरफान मागे ओरडतोय, "आपा, डावीकडे, डावीकडे!" गेला एकदाचा.

दुपारपर्यंत निम्मा राडारोडा बाहेर. बादली भरायची, जागच्या जागी गिरकी, बोळातून रस्त्यावर, टेम्पोत रिकामी. पूर्वी याला अख्खा आठवडा लागायचा आणि घरातल्या सगळ्यांच्या पाठी मोडायच्या. अब्बा खुर्चीत बसून चहा पीत होते. त्यांनीच या लोडरचं नाव पैलवान ठेवलं, तेव्हा रागाने. "आणा पैलवान, आम्ही म्हातारे झालो!" आता रोज फडक्याने पुसतात.

सकाळी हिंजवडीची कंपनीची बस शेजारून गेली. सवयीने खिडक्यांत बघितलं, ओळखीचं कोण आहे का. अब्बांच्या पाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा मी तिथली नोकरी सोडली. थोडे दिवस म्हणून.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

काल माती पसरायची राहिली म्हणून पैलवान आतच ठेवला होता. आज आम्ही येऊन बघतो तर बोळाच्या बरोबर मध्ये लोखंडी खांब. ताजं सिमेंट, वर ओलं पोतं. माणूस जाईल, स्कूटर जाईल. पैलवान नाही.

भाऊसाहेब, म्हणजे ताईंचे भाऊ, व्हरांड्यात पेपर वाचत होते.

"अहो, आमचं मशीन आत आहे."

"माहीत आहे."

"मग बाहेर कसं काढायचं?"

"आत नेलंत त्याच्या उलट."

"मध्ये खांब आहे."

"खांब माझ्या जागेत आहे. मशीनही माझ्याच जागेतून गेलं. तेव्हा विचारायला आला होतात?"

पान उलटलं. संपलं बोलणं.

इरफान म्हणाला, सिमेंट ओलं आहे, आत्ताच ओढू. दोर घातला की काम झालं. मीही किल्ली काढली होती. अब्बा आडवे आले. "कुणाच्या घरातली वस्तू आपण उपटायची नाही." मी म्हटलं, त्यांनी आपलं मशीन कोंडलं ते? "त्यांचं भांडण बहीणभावाचं राहील. आपण हात लावला की आपलं होईल. मग पेपरात कुणाचं नाव येईल, सांग."

इरफानने दोर गुंडाळून ठेवला. संध्याकाळपर्यंत सिमेंट वाळलं.

११ फेब्रुवारी, सोमवार

क्रेनवाल्याला नेऊन दाखवलं. मागच्या भिंतीपलीकडे शेजारच्या इमारतीचं पार्किंग, खाली तळघर. स्लॅब क्रेनचं वजन घेणार नाही म्हणाला. बोळातून तर क्रेन शिरतच नाही. मेकॅनिकला विचारलं, सुटे भाग करून नेता येईल? तो हसला.

चौकीत गेलो. साहेब सभ्य होते. "दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." नाव लिहून घेतलं.

"बागवान. म्हणजे कुठले तुम्ही?"

"पुण्यातले."

"ते झालं हो. मूळचे?"

"मूळचेही पुण्यातलेच," अब्बा म्हणाले. आवाज अगदी गोड. आजोबांचा बाप इथल्याच बागांना पाणी देत होता.

वकील म्हणाले, तारखा पडतील. बहीणभावाचा जागेचा दावा आधीच चालू आहे, त्यात आपण तिसरे.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

वारज्याचं काम. सोसायटीच्या मागचा उतार, त्यावर पायऱ्या-पायऱ्यांची बाग. मातीचे ट्रक येऊन पडले, डोंगर झालाय. गेटची कमान इतकी बुटकी की मोठं मशीन खालून जात नाही. पैलवान बघूनच हे काम घेतलं होतं. भाड्याचे छोटे लोडर सगळे हिंजवडीकडच्या नव्या बांधकामांवर, एप्रिलआधी कुणी मोकळा नाही.

तर घमेली. नाक्यावरची माणसं, इरफान आणि मी. दुपारी मान वर केली तर अब्बाही रांगेत, डोक्यावर भरलेलं घमेलं.

"अब्बा, खाली ठेवा."

"तू नव्हतीस तेव्हापासून उचलतोय."

ओरडले त्यांच्यावर. सगळ्यांसमोर. त्यांनी ठेवलं, पण मी वळल्यावर परत उचललं, इरफानने सांगितलं.

आज पहिल्यांदा हिशोब लागला की पैलवान आमच्या घरात काय काय करत होता. माती तर उचलतोच. शिवाय अब्बांना खुर्चीत बसवतो. इरफानला वेळेवर जेवायला मिळतं. मला संध्याकाळी पाठ सरळ करून केस धुता येतात. आता तिघांपैकी कुणाशी कुणी नीट बोलत नाही.

१८ फेब्रुवारी, सोमवार

बॅटरी बसू नये म्हणून एरंडवण्याला जाऊन इंजिन चालू केलं. धक्के देत धुरकटलं, मग लागलं. तुरुंगात भेटायला गेल्यासारखं वाटतं. खांबाला अंग चोरून आत जायचं.

ताईंनी चहा केला. देताना बशीत सांडला.

"शाहीन, तुला खरं सांगायला हवं. खांब तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे."

भावाला सगळी जागा बिल्डरला द्यायची आहे. ताईंची संमती हवी, त्या देत नाहीत. यजमान होते तेव्हापासून याच घरात. इमारतीत वरच्या मजल्यावर फ्लॅट देतो म्हणतात. "मला चौथ्या मजल्यावर माती कुठे मिळणार?" काल भाऊ म्हणाला म्हणे, तू सकाळी सही कर, दुपारी खांब निघालेला बघ. बिचाऱ्या बागवानांचा तरी विचार कर.

म्हणजे आम्हाला ओलीस ठेवलंय.

मी काय बोलायला हवं होतं? 'तुम्ही काळजी करू नका' एवढं तरी. बोलले नाही. चहा पीत राहिले आणि मनात म्हणत होते, करा सही. करून टाका. इथे लिहिते आहे कारण दुसरीकडे कुठे बोलता येणार नाही.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

ताई म्हणाल्या, "आत आहे तोवर कामाला लाव त्याला. नुसता उभा राहून गंजेल."

भिंतीशी दगडी डोणी पडली होती, गुरांना पाणी पाजायची, केव्हाची कुणास ठाऊक. ती बकुळीखाली हवी होती त्यांना, किती वर्षं. यजमानांनी चार माणसं लावूनही हलली नव्हती. पट्टे बांधले, बादलीला अडकवली, हळूच उचलली. डोणीखालून गोमा निघाल्या. बकुळीखाली ठेवली तेव्हा ताईंनी तिच्यावरून हात फिरवला. लगेच दोन बादल्या पाणी ओतलं. गळत नव्हती.

मग म्हणतात कशा, "मी चालवू?"

नऊवारी नाही, पाचवारी होती, तरी वर चढवताना माझी कसरत. पट्टा लावला. मी बाहेर उभी राहून त्यांचे हात धरले दांड्यांवर. दोन फूट पुढे. "अगंबाई!" दोन फूट मागे. असं हसल्या की मलाही हसू आवरेना. कितीतरी दिवसांनी.

वर बघितलं. पुढच्या बंगल्याच्या मागच्या खिडकीत भाऊसाहेब उभे. खिडकी लागली.

घरी येताना वाटलं, ही बाई सही करणार नाही. आणि ते वाटल्यावर आनंद व्हायला हवा होता.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

अब्बा पडले. वारज्यात, उतारावर. पडले म्हणजे वाकले ते उठलेच नाहीत. तसेच गुडघ्यांवर, हात मातीत. मी धावले तर म्हणतात, "काही नाही, बूट सुटलाय." पायात चप्पल होती.

चौघांनी फळीवर घालून टेम्पोत ठेवलं. डॉक्टरांनी फोटो बघून आधी आमच्याकडे बघितलं. ऑपरेशन केलेल्या जागेच्या वरचा मणका. महिनाभर अंथरूण. पुन्हा वजन उचललं तर पायांतली ताकद जाईल. "घरात मशीन आहे ना तुमच्या? मग हे घमेलं कुठून आलं?"

मी फोटो पाकिटात घातला.

सोसायटीच्या चेअरमनचा फोन. वडिलांना बरं वाटो वगैरे, पण मार्चअखेर उद्घाटन आहे, जमत नसेल तर आत्ताच सांगा.

२ मार्च, शनिवार

अब्बा भिंतीकडे तोंड करून पडून असतात. अम्मी असती तर त्यांना बोलतं केलं असतं. मला नाही जमत.

इरफान जेवताना: "पैलवान पाच मिनिटांत उपटेल तो खांब. आतूनच ढकलायचा. मशीन आपलं, आपण घरी आणलं. करू देत तक्रार."

भिंतीकडून आवाज. "मी मेल्यावर."

इरफान ताटावरून उठला.

मी दुपारी कुणाला न सांगता भाऊसाहेबांकडे गेले. भांडायची तयारी करून. त्यांनी आत बसवलं. पंखा लावला. सरबत. अब्बांची चौकशी केली, आणि खोटी नव्हती ती. हे जास्त वाईट.

"तुमचं मशीन मला काय करायचंय? ताईला माझ्याशी बोलायचं नाही, कोर्टात बोलायचंय. मला दोन मुलं आहेत, वर हे गळकं घर. मीही अडकलोय. ती तुमचं ऐकेल. तुम्ही सांगा तिला."

"मी कसं सांगू?"

"खरं ते सांगा. वडील पडले म्हणावं."

निघताना दारात: "नव्या इमारतीची बाग करायलाही कुणीतरी लागेलच. तुमचं काम मी पाहिलंय. चांगलं आहे."

आभार मानले मी. सवयीने. बोळात येऊन खांबाला टेकून उभी राहिले.

३ मार्च, रविवार

सांगितलं नाही कुणाला. दिवसभर अब्बांची पाठ शेकली.

५ मार्च, मंगळवार

ताईंचा फोन, लगेच ये. टेबलावर संमतीचे कागद, पेन, चष्मा. इस्त्रीची साडी नेसून बसल्या होत्या. अब्बांचं इरफानने कळवलं म्हणे. त्याने का कळवलं ते त्याला विचारणार नाही.

"माझ्यापायी एक माणूस अंथरुणाला खिळला. आता तू सांगशील ते. करू सही?"

"मला नका विचारू, ताई."

"मग कुणाला विचारू? भावाला?"

बाहेर पैलवान उभा, त्यावर बकुळीची वाळकी पानं पडलेली. वारज्याचा तो मातीचा डोंगर डोळ्यांसमोर. अब्बांचे मातीतले हात. एक शब्द म्हटला की संपत होतं. 'करा' म्हटलं की झालं. त्या माझ्याकडे बघत होत्या, वर्गात उत्तराची वाट बघावी तसं, घाई न करता.

"आज नका करू," म्हटलं.

"आज नको, की नकोच?"

"आज नको. एवढंच कळतंय मला."

त्यांनी पेनला टोपण लावलं. माझा हात हातात घेतला, बराच वेळ. सुटले असं वाटलं नाही. दार आतून मीच लावून घेतलं असं वाटलं.

घरी सांगितलं. सगळं. भाऊसाहेबांच्या सरबतासकट. इरफान बघत राहिला. "आपा, तुला 'करा' म्हणता आलं नाही?" ओरडला असता तर बरं झालं असतं.

अब्बांनी कूस बदलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंड आमच्याकडे.

८ मार्च, शुक्रवार

सकाळी अब्बा उठून बसलेले. कमरेला पट्टा, अंगात इस्त्रीचा शर्ट. "एरंडवण्याला ने."

डॉक्टर, महिना, सगळं सांगून झालं. ऐकलं नाही. टेम्पोत गाद्या घालून, खड्ड्याखड्ड्याला थांबत नेलं. मला वाटलं ताईंना भेटायचं असेल. नाही. भाऊसाहेबांच्या पायरीशी गेले. वर चढता येईना, खालूनच हाक मारली.

भाऊसाहेब बाहेर आले. त्यांना बघून खुर्ची आणायला वळले.

"खुर्ची नको. एक विचारायचं होतं. आमचं मशीन आमच्या हवाली करता का? तुमचं बहीणभावाचं जे असेल ते असू दे."

"अहो बागवान, माझ्या हातात असतं तर..."

"तुमच्याच हातात आहे. म्हणून तुम्हाला विचारलं. पुन्हा विचारणार नाही."

भाऊसाहेब पायरीपर्यंत आले. मग, ताईची सही झाली की लगेच, वगैरे. अब्बांनी पूर्ण ऐकून घेतलं, मान हलवली, 'खुदा हाफिज' म्हणाले.

बोळात खांबापाशी थांबले. माझ्या खांद्यावर भार. दुसऱ्या हाताने खांब धरला, हलवून बघितला. हलला नाही. पायाने बुंध्याभोवतीचं सिमेंट चाचपलं, इथे, मग तिथे.

"किती खोल असेल गं?"

मी इरफानकडे बघितलं. इरफान माझ्याकडे.

"दोन फूट असेल, अब्बा. फार तर तीन."

"हं."

आत गेले नाहीत, घरी चल म्हणाले. वाटेत डोळे मिटून होते. इरफानने दोनदा विचारलं, अब्बा, उद्या सकाळी येऊ का मग? 'हो' म्हणाले नाहीत, पण 'मी मेल्यावर' असंही म्हणाले नाहीत.

पैलवानची किल्ली माझ्याकडेच आहे.