कोरडी गळती

४ जून
आले एकदाची! पाणीखात्यातली पहिलीच नोकरी, आणि खोली मिळाली ती थेट मुकादमांच्या घरामागे. त्यांच्या बायकोला पहिल्या चहालाच वहिनी म्हणून मोकळी झाले. माझं सामान लावताना त्यांनी विचारलं, एवढी मोठी सळई कशाला, चोर मारायला? म्हटलं, हीच माझी रोजीरोटी. एक टोक रस्त्यातल्या व्हॉल्व्हवर टेकवायचं, दुसरं कानाला. जमिनीखाली पाइप फुटला असेल तर निसटणारं पाणी सुस्कारतं; जवळ जावं तसा आवाज धारदार होत जातो. वहिनी म्हणाल्या, मग आमच्या ह्यांचं घोरणं ऐक आणि काय फुटलंय ते सांग. मुकादम हसले नाहीत. फारसे हसत नसावेत.

७ जून
शाळेमागच्या रस्त्यावर खडूने फुली मारली. खोदलं, तर फुलीच्या बरोबर खाली पाण्याची पिचकारी! खोदणाऱ्यांनी शिट्ट्या मारल्या. दिवसभर हवेत होते.

११ जून
आज नाक कापलं गेलं. बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्यामागची गल्ली. सुस्कारा स्पष्ट होता, पण मधेच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. गळती अशी थांबत नाही. तरी फुली मारली. खोदलं, तर पाइप धड आणि माती ठणठणीत कोरडी. मुकादम उशिरा पोचले. खड्डा पाहून चेहरा पांढराफटक. बुजवा म्हणाले, आत्ताच्या आत्ता. मला बजावलं, या गल्लीत पुन्हा सळई लावायची नाही.

१३ जून
लावली. भर दुपारी, एकटीच गेले. तो श्वास आहे. श्वासाच्या शेवटी शब्द येतात. दा— दा— दादा, माती.
घरी येऊन वहिनींना सांगितलं. वाटलं, चेष्टा करतील. त्यांनी एवढंच विचारलं, बोलताना अडखळत होता का? हो म्हणाले, तशा त्या भिंतीला धरून खाली बसल्या. त्यांचा धाकटा दीर तसाच अडखळायचा. त्या गल्लीतली पाइपलाइन टाकताना तोही खोदायला होता. पोरगा पळून गेला, असं मुकादमांनीच घरी येऊन सांगितलं होतं. सासूबाई त्याची वाट बघत बघत गेल्या.
वर पाहिलं तर दारात मुकादम उभे. कधीपासून, कोण जाणे.

१४ जून
मुकादमांनी सळई मागून घेतली. गल्लीत गुडघे टेकून कान लावला आणि उठेचनात. मग सगळं सांगून टाकलं. खड्ड्याची कड ढासळली, भाऊ खाली गाडला गेला. खालून हाका मारत होता. फळ्यांचा आधार लावला नव्हता, सगळं आपल्यावर शेकेल म्हणून यांनी वरून आणखी माती लोटली.
ते जमिनीकडे तोंड करून म्हणाले, आलो रे. आणि खोदायला लागले. मी माणसं बोलवायला धावले. परत आलो, तर खड्डा भरलेला. वर फक्त त्यांची चप्पल आणि माझी सळई.

१५ जून
पाइपापर्यंत खोदलं. पाइपाखालीही. मुकादम नाहीत. भाऊ नाही. हाडसुद्धा नाही. वहिनी काठावर बसून होत्या, डोळ्यांत टिपूस नाही.

१६ जून
खात्यातल्या साहेबांनी खड्डा बुजवायला लावला, पाणी सोडायचंय म्हणाले. त्याआधी सळई लावली. आता दोघं आहेत. एक अडखळतो. दुसरा वहिनींना हाका मारतो.

१८ जून
आवाज सरकतोय. कारखाना — शाळा — आमचा कोपरा. सळई लागतच नाही आता. वहिनींच्या स्वयंपाकघरात अनवाणी उभं राहिलं की पुरे.

१९ जून, दुपार
वहिनींनी फरशी फोडली, पहारीने. मी ओढलं तर मला ढकललं. ते बोलावतायत म्हणाल्या. माती आपोआप खाली जातेय —

थोड्या वेळाने
खड्डा माणसाएवढा. वहिनी दोर आणायला अंगणात गेल्या. मी काठावर. वही मांडीवर, लिहीत बसलेय —
खालून वहिनींचा आवाज. घसरले गं, हात दे.
त्या तर बाहेर — दोर फरफटतोय, ऐकू येतंय — दारातून सांगतायत, हात देऊ नकोस —
खाली रडतायत. तोच आवाज —
बोटं वर आली. मनगटावर वहिनींच्याच बांगड्या.
मग दारात कोण उ