वाकलेला रॉड, दादाचे हात

३ मार्च

प्रिय भाऊजी,
स. न. वि. वि.

तुम्ही सुट्टीत येऊन गेलात त्याला तीन महिने झाले आणि पोचल्याचंही पत्र नाही. घराचा पत्ता विसरलात की काय?

इथे ह्यांनी बागेतला ट्रॅक्टर चालवणं सोडलंय. गवत कापताना तो सारखा डावीकडे ओढतो, स्टिअरिंग बरंच फिरवलं तरी चाकं जागची हलत नाहीत. परवा माझा वेलांचा मांडव आडवा झाला. मी म्हटलं, कुणाला तरी दाखवा. तर म्हणाले, धाकट्याने जाताना सगळं तपासून ठेवलंय, तेव्हा दोष ट्रॅक्टरचा नाही, माझ्या हातांचा आहे. रोज सकाळी खिडकीशी बोटं पसरून कापतात का ते बघतात. असं बघत बसलं की कुणाचीही कापतील.

आता घड्याळदुरुस्तीची पेटी पंधरा तारखेला बाजारातल्या घड्याळजीला देऊन टाकणार आहेत. चाळीस वर्षं त्या पेटीला मला हात लावू दिला नाही. माझं मनगटी घड्याळही बंदच आहे, सुटे भाग मिळत नाहीत म्हणतात. तुमचं ते ऐकतात, चार शब्द लिहा.

लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू द्या.

वहिनी


१२ मार्च

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनीचं पत्र येऊन पाच दिवस झाले. तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. तोंडाने सांगायचा धीर नाही म्हणून लिहितोय. तुझ्या हातांना काहीही झालेलं नाही.

निघायच्या आदल्या दुपारी तू झोपला होतास. मी ट्रॅक्टर वळवताना हौदाच्या दगडी कठड्यावर घातला. पुढच्या दोन चाकांना जोडणारा टाय रॉड वाकला. तो हातोडीने जमेल तसा सरळ केला, वर ग्रीस फासलं आणि जागेवर लावून टाकला. संध्याकाळी तू सगळ्यांसमोर म्हणालास की याच्या हातात यंत्र दिलं की काळजी नाही. त्यानंतर माझी जीभच उचलेना. कारखान्यात मी दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढतो, फिटर म्हणून मिरवतो. फार लाज वाटते.

रॉड नवा घाल. टोकांचे बॉल जॉइंट हलवून बघ, खुळखुळत असतील तर तेही बदल. मग स्टिअरिंग सरळ धरून दोन चाकांमधलं अंतर आधी पुढून मोज, मग मागून. पुढून तीनेक मिलिमीटर कमी हवं. तसं नसेल तर टोकाचे नट सैल करून रॉड फिरव. आणि पेटी देऊ नकोस.

लोभ ठेव असं म्हणायचा हक्क उरला असेल, तर ठेव.

तुझा धाकटा


२४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र सोळा तारखेला मिळालं. पेटी पंधराला गेली होती.

रॉड काढला. ग्रीस पुसल्यावर हातोडीचे घाव दिसले. डावखुऱ्याचे, तिरके. लहानपणी माझ्या पाटीवरही असेच मारले होतेस. जॉइंटही गेले होते. सगळं बदललं, सांगितलंस तसं मोजलं, आता ट्रॅक्टर सुतासारखा सरळ जातो. तरी दोन दिवस तुझ्यावर चिडून होतो. ट्रॅक्टरचं सोड. तीन महिने मी माझ्याच हातांकडे चोराकडे बघावं तसं बघत होतो.

घड्याळजीकडे गेलो, पण दिलेलं परत मागवेना. नुसताच उभा राहिलो. त्याने न विचारता सगळ्यात बारीक स्क्रूड्रायव्हर आणि चिमटा हातात ठेवला. बाकीची हत्यारं त्याने कामाला घेतलीत, ती आता त्याचीच.

काल तुझ्या वहिनीचं घड्याळ उघडलं. तासाभरात चालू झालं, नवा भाग एकही लागला नाही. सुटे भाग मिळत नाहीत हे मी तिला खोटंच सांगितलं होतं. हात थरथरला आणि तिने पाहिलं तर, ही भीती. ते घड्याळ कालपासून माझ्या खिशात चालतंय आणि ती भिंतीवरच्या घड्याळात वेळ बघतेय. मला ते बाहेर काढवत नाही.

रविवारी ये. तू शेजारी बसलास तर तिला खरं सांगेन. आधी तू तुझं सांग, मांडव तुझ्यामुळे पडलाय.

लोभ होता तेवढा आहे. येताना हातोडी आणू नकोस.

दादा