दोघींनी उचलायचं माणूस

प्रिय ठकू,

तू मॅनेजर झालीस हे फोनवर ऐकलं तेव्हापासून आनंद पोटात माईना झालाय. जिन्यावरून जाईल त्याला हाक मारून सांगते. वरच्या मजल्यावरचे मास्तर म्हणाले, कालपरवा तर नोकरीला लागली पोरगी. म्हटलं, तुम्ही जन्मभर मास्तरच राहिलात, तुम्हाला काय कळणार. माझी शाळा दुसरीपर्यंत, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण फोनवर तू घाईत असतेस आणि मधेच तोडलं की मला पुढचं आठवत नाही, म्हणून लिहायला बसले.

तुझा वृद्धाश्रम मी बघून आले बरं का. तू मीटिंगला गेली होतीस. तुझ्या बाबानं मला टॅक्सीतून उचलून चाकाच्या खुर्चीत बसवलं, तेव्हा धरलेली त्याची कंबर अजून सुटली नाही. मी काही हलकी नाही, आणि पाय आता नावालाच. तुझ्या दारावर तुझं नाव, आत गोल फिरणारी खुर्ची. टेबलावरचं झाड प्लॅस्टिकचं निघालं, चिमटा काढून बघितलं मी. बाबा म्हणाला, हात लावू नकोस. का नको लावू? माझ्या नातीचं टेबल.

मग शिंपीणबाईकडे गेले. आपल्या खालच्या मजल्यावर राहायची, तुझे शाळेचे फ्रॉक शिवायची, आता तुझ्याच आश्रमात असते ती. तिच्या तोंडाचा पट्टा ऐकायला गेले, तर बाई भिंतीकडे तोंड करून पडलेली. पलंगावरून खुर्चीत घेताना पडली, खुबा मोडला. तुला ठाऊक असेलच. आधी दोघीजणी उचलायच्या, आता एकटीच येते, एवढंच बोलली. त्या एकटीवर राग नाही तिचा. मूठभर पोरगी, ती तरी काय करणार. माझा हात धरला तो मात्र सोडेना.

तेव्हा तुझं बोलणं आठवलं. मी विचारलं होतं, तिथंच केस पिकलेल्या थोरल्या ताईंना का नाही केलं मॅनेजर? तू हसून म्हणालीस, "आजी, त्या ताई वरच्या साहेबांना सारखं नाही म्हणायच्या. एकीनंच उचलायचं म्हटलं, तर नाही. मी हो म्हटलं." मीही हसले. पोरगी गुणाची, उलट बोलत नाही, असं वाटलं. लहानपणी कडू औषधही तू न कुरकुरता प्यायचीस. आता कळतंय ठकू, त्या साहेबांना जाणतं माणूस नकोच होतं. ज्यानं कधी कुणाला उचललं नाही, ज्याच्या हातून कुणी निसटलं नाही, असंच हवं होतं. त्याला हो म्हणायला जड जात नाही. तू लबाड नाहीस गं. तुला माहीत नव्हतं, म्हणून तर निवडली.

बाबानं तुला अजून सांगितलं नसेल. आम्ही काही ऑफिस बघायला आलो नव्हतो. शिंपीणबाईच्या शेजारचा पलंग त्यानं माझ्यासाठी ठरवलाय. त्याची कंबर गेली, तुझी आई दिवसभर कामावर, दुसरं करणार काय बिचारा. सोमवारी येते. सगळ्यांना सांगितलंय, नात मॅनेजर आहे, मला कसली भीती. मला उचलायला तू दोघींना पाठवशील, हे मला माहीत आहे. शिंपीणबाईला उचलायला मात्र एकटीच येईल, आणि ती तिथंच पडून सगळं ऐकत असेल. तिला मी काय सांगू, तेवढं सोमवारच्या आधी कळव.

तुझ्या नावावर मिरवणारी, तुझीच
आजी