फार काळ टिकणारं दुखणं

मी, खाली अंगठा उठवणारी, शिवणकामावर पोट भरलेली बाई, हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेत आहे. डोकं ठिकाणावर आहे, कोणाचा दबाव नाही. हातापायांची हमी मात्र देत नाही.

१. माझ्या नवऱ्याला काहीही देऊ नये. उद्या कोणी मला खुनशी म्हणू नये, म्हणून कारण सांगते. सांधे सुजू लागले तेव्हा डॉक्टर म्हणाले, “क्रॉनिक आहे.” आम्हा दोघांचंही इंग्रजी बेताचंच. ह्यांना वाटलं, क्रॉनिक म्हणजे शेवटचं. घरी येऊन ढसाढसा रडले. पुढे वर्षभर त्यांनी माझी वेणी घातली, घास भरवले, गॅरेजमधून दुपारी येऊन माझे गुडघे शेकले. संसारात तेवढंच वर्ष सुखाचं गेलं, हे नाकारत नाही.

मग एका तपासणीत त्यांनी हळूच विचारलं, “डॉक्टर, अजून किती दिवस?”

डॉक्टर हसले. “अहो, क्रॉनिक म्हणजे जिवावरचं नव्हे. फार काळ टिकणारं. ह्या चांगल्या म्हाताऱ्या होतील!”

मी वाटभर आनंदाने बडबडत होते. ते दार उघडता उघडता म्हणाले, “मरणार असतीस तर शेवटपर्यंत केलं असतं गं. पण हे जन्मभर? मला नाही झेपायचं.”

महिन्याभरात ते निघून गेले. अर्थ कळायला नको होता.

२. शिलाई मशीन मागच्या गल्लीतल्या शिवणवालीला द्यावं. तिने माझी गिऱ्हाइकं पळवली, पण बोटं कामातून गेल्यावर माझे अर्धवट कपडेही तिनेच पुरे करून दिले. मोठी कात्री देऊ नये. तिने एकदा नेऊन पुठ्ठा कापला होता.

३. तळमजल्यावरच्या दोन्ही खोल्या माझ्याजवळ राहणाऱ्या भाचीच्या एकटीच्या नावावर कराव्यात. त्या विकून तिचं लग्न उरकावं, असा माझ्या बहिणीचा हट्ट आहे. तिने गळ घातली तरी विकू नयेत. गेल्या आठवड्यात भाची बरणीचं झाकण फिरवता फिरवता थांबली.

“मावशी, हल्ली सकाळी बोटं वळतच नाहीत बघ,” म्हणाली आणि हसली.

मी तिला चहा टाकायला सांगितलं.

तिला जिना चढावा लागू नये, एवढीच इच्छा.

लिहून देणार : डाव्या हाताचा अंगठा (लिहिता येतं, पेन धरवत नाही)
साक्षीदार : शेजारचे घड्याळदुरुस्तीवाले, सही, कोपऱ्यावरच्या औषधवाल्या बाई, सही
ठिकाण : राहती खोली
तारीख : चौदा मार्च